रात्री बाराचे दुसरे ताट : सोलापुरातील एका गृहिणीच्या वजनाचे प्रकरण

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा अजून भरलेली असताना, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्या ४४ वर्षांच्या एक गृहिणी आपल्या मुलीसह माझ्याकडे आहारविषयक सल्ल्यासाठी आल्या. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी येथे बदलले आहेत. त्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर एवढेच लिहिले होते की साखर सीमेवर आहे, थायरॉईड ठीक आहे, वजन कमी करावे. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ७६.४ किलो, कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर, उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी (मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी) ६.१ टक्के आणि रक्तदाब १३४/८६ अशी त्या दिवशीची नोंद आहे. त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, ३२ च्या वर होता. भारतीय शरीरयष्टीसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा मानला जातो आणि स्त्रियांच्या कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर धरली जाते, हे लक्षात घेतले तर डॉक्टरांची काळजी योग्यच होती.

बाईंची स्वतःची तक्रार मात्र वेगळी होती. "मॅडम, जेवण तर काहीच नाही ओ माझं. सकाळी घास उतरत नाही, दुपारी एक भाकरी. तरी वजन वाढतंय." हे वाक्य आम्ही आहारतज्ज्ञ इतक्या वेळा ऐकतो की त्यावर मनातल्या मनात हसण्याची वाईट सवय लागते. ती मलाही होती. बाई खोटे बोलत नव्हत्या. त्या आपला दिवस जसा सांगत होत्या तसाच तो होता. फक्त त्यांच्या हिशेबात दिवस रात्री नऊला संपत होता आणि प्रत्यक्षात तो रात्री एकला संपत होता.

घरात पाच माणसे : पती-पत्नी, सासूबाई, अकरावीत शिकणारी मुलगी आणि आठवीतला मुलगा. पती टेरी टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर कामाला असून सहा वर्षांपासून त्यांची कायम दुसरी पाळी आहे, दुपारी साडेतीन ते रात्री बारा. बाईंचे वजन दुसऱ्या बाळंतपणानंतर बरीच वर्षे ६४ किलोच्या आसपास स्थिर होते आणि नंतरच्या सहा वर्षांत ते १२ किलोंनी वाढले. ही दोन्ही वाक्ये माझ्या पहिल्या दिवसाच्या कागदावर एकाखाली एक लिहिलेली आहेत आणि त्या दिवशी मी ती जोडून वाचली नाहीत.

रात्री बारा वाजता पती घरी आले की त्या त्यांच्यासोबत जेवतात, हे मुलीने सांगितले. मी लगेच निदान केले आणि लगेच उपाय दिला : रात्री आठनंतर पाणी सोडून काही घ्यायचे नाही. सोबत एक छापील तक्ता दिला, ज्यात नाश्त्याला ओट्स होते. या घरात ओट्स कोणी पाहिलेसुद्धा नव्हते, हे सांगायला हवे.

दोन आठवड्यांनी वजन ७५.३ किलो भरले. मी समाधानी होते. त्यानंतरच्या भेटीला त्या आल्या नाहीत आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आल्या तेव्हा काटा ७६.८ वर होता, म्हणजे सुरुवातीपेक्षाही थोडा वर. काय झाले, हे त्यांनी खाली मान घालून सांगितले. पहिले दहा दिवस त्या पतीला वाढून समोर रिकाम्या हातांनी बसल्या. पतीने एकदा विचारले, दोनदा विचारले, मग तेही अर्धवट जेवून उठू लागले. त्यामुळे सासूबाईंनी बोलायला सुरुवात केली. मग बाईंनी पतीसमोर थोडेसे घ्यायचे असे ठरवले आणि भांडी आवरताना ओट्यापाशी उभ्यानेच उरलेली भाकरी, चटणी, मुलांच्या डब्यातले फरसाण असे कितीतरी पोटात जाऊ लागले. पूर्वी जे उघड आणि ताटात होते, ते माझ्या सल्ल्यामुळे चोरून आणि मोजदादीबाहेर होऊ लागले होते.

येथून मी प्रकरण नव्याने हाती घेतले. १४ दिवसांची नोंदवही दिली आणि तीत काय खाल्ले यापेक्षा केव्हा, कोणासोबत, बसून की उभ्याने, भूक होती की नव्हती, हे लिहायला सांगितले. वही मुलीने ठेवली, आणि फार प्रामाणिकपणे ठेवली.

वहीतला दिवस असा होता. पहाटे साडेपाचला उठणे आणि चहा. उजनी धरणाचे पाणी शहरात काही दिवसांआड येते, त्यामुळे पाण्याच्या दिवशी उठणे चारला. मुलांचे डबे, सासूबाईंचा नाश्ता, दुसरा चहा आणि सोबत दोन खारी. दुपारी दोनला पतीला तव्यावरची गरम भाकरी एकेक करून वाढणे. पती तीनला घराबाहेर पडले की सव्वातीनला उरलेल्या भाजीबरोबर एक भाकरी आणि थोडा भात, तोही बहुतेक वेळा एकीकडे ओटा आवरत. साडेपाचला चहा-फरसाण. रात्री साडेआठला मुलांना आणि सासूबाईंना वाढताना आमटी-भाताचे चार घास. त्याला त्या जेवण म्हणत नव्हत्या. आणि सव्वाबाराला दिवसातले एकमेव पूर्ण ताट : दीड भाकरी, भाजी किंवा आमटी, दोन मोठे चमचे शेंगाचटणी आणि तिच्यावर तेल, पतीने कारखान्याच्या दारातून आणलेल्या फरसाणातला वाटा, शेवटी साखर घातलेले म्हशीचे दूध.

उष्मांकांचा हिशेब अंदाजानेच होतो, तरी तो मांडणे भाग होते. दिवसभराचे सरासरी सुमारे २,२५० उष्मांक होत होते आणि त्यांपैकी सुमारे ९५० रात्री बारानंतरचे होते. या ९५० मध्ये भाकरीचा वाटा ३०० च्या आसपासच होता. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेलच असते. त्यामुळे दोन मोठे चमचे चटणी आणि वरचे चमचाभर तेल हे मिळून दोनशेच्या वर जातात, म्हणजे एका अख्ख्या भाकरीपेक्षा जास्त. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी कमी करा असे सांगणे म्हणजे नातेसंबंध तोडण्यासारखे आहे, म्हणून मी ते कधीच सांगत नाही. चमचा बदला असे सांगते. खरे आश्चर्य चहाचे होते. चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर आणि घट्ट दूध, मिळून सव्वातीनशेच्या पुढे. आणि सकाळी "घास उतरत नाही" याचे एक कारण रात्री एकपर्यंत भरलेले पोट असेल, तर दुसरे हे दोन गोड चहा होते.

नोंदवहीच्या दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट आपोआप घडली. पती पाच दिवस मंगळवेढ्याकडच्या आपल्या गावी ज्वारीच्या सुगीला गेले. त्या पाच दिवसांत बाई रात्री साडेनऊला मुलांसोबत पूर्ण जेवल्या, साडेदहाला झोपल्या, रात्री एकदाही उठून काही खाल्ले नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आठला वहीत पहिल्यांदा "भूक लागली" असे शब्द आले. दिवसाचा एकूण हिशेब १,७०० च्या जवळ आला. पती परतले त्या रात्री पुन्हा सव्वाबाराचे ताट.

निदानाच्या दृष्टीने हे पाच दिवस बाकीच्या नऊ दिवसांपेक्षा मोलाचे ठरले. रात्रीच्या खाण्याचा एक स्वतंत्र विकार आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले आणि २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकन नियमावलीत त्याला खाण्याच्या इतर विकारांमध्ये स्थान मिळाले. संध्याकाळच्या जेवणानंतर दिवसाच्या आहारातला चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक जाणे, किंवा आठवड्यातून दोनदा तरी झोपेतून उठून खाणे, सकाळी भूक नसणे, झोप न लागणे, खाल्ल्याशिवाय झोप येणार नाही असा ठाम समज असणे, संध्याकाळनंतर मन उदास होणे, अशी त्याची लक्षणे आहेत. केवळ आकडे पाहिले तर बाई त्यात सहज बसत होत्या, कारण त्यांच्या आहारातला चाळीस टक्क्यांहून अधिक भाग रात्री बारानंतरचा होता आणि सकाळी भूकही नव्हती. तथापि पती नसताना ही सवय एका रात्रीत नाहीशी झाली, झोप लगेच लागली, खाण्याची अनावर ओढ कुठेच नव्हती. झोपेच्या गोळ्या घेऊन अर्धवट जागेपणी खाणारे आणि सकाळी काहीच न आठवणारे रुग्ण असतात. तसेही येथे काही नव्हते, त्या कोणतीही गोळी घेत नव्हत्या. म्हणून मानसोपचाराकडे पाठवण्याची गरज मला वाटली नाही. हा विकार नव्हता, ही घडी होती. घराच्या वेळापत्रकाची घडी, जिच्यात बाईंचे ताट नेहमी शेवटी आणि कोणाच्या तरी सोबतीने मांडले जात होते.

तेव्हा मी जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, तो विचारला : पती एकटे का जेवू शकत नाहीत?

उत्तर यायला वेळ लागला. पतीला पाच वर्षांपासून मधुमेह आहे. इन्सुलिनचा स्राव वाढवणाऱ्या गटातली गोळी ते रात्री जेवणापूर्वी घेतात. तीन वर्षांपूर्वी एका रात्री ते दमून आले, गोळी घेतली, जेवतो जेवतो म्हणत आडवे झाले आणि अर्ध्या तासाने घामाने भिजून, बडबडत उठले. बाईंनी तोंडात साखर घातली तेव्हा कुठे सावरले. त्या रात्रीपासून त्या पतीचे ताट संपेपर्यंत समोरून हलत नाहीत. आणि समोर बसलेल्या बायकोने काही न घेता बसावे हे पतीला पटत नाही. नवऱ्याआधी जेवू नये अशी जुनी रीत सासूबाई अधूनमधून बोलून दाखवत असल्या, तरी घरात ती मुख्य कारण नव्हती. मुख्य कारण भीती होते, आणि ती भीती अवाजवी नव्हती.

माझ्या "आठनंतर काही खाऊ नका" या सल्ल्याने, पती अर्धवट जेवून उठू लागले होते, हे आठवून मला त्या दिवशी अस्वस्थ वाटले. ज्या माणसाने गोळी घेतली आहे आणि जेवण अर्धे टाकले आहे त्याची साखर धोकादायक उतरू शकते. माझ्यासमोर रुग्ण एक होता. माझ्या सल्ल्याचा परिणाम मात्र दोन माणसांवर होत होता.

पुढचे पाऊल म्हणून पती-पत्नी दोघांना पतीच्या डॉक्टरांकडे पाठवले आणि सोबत जेवणाच्या वेळांचा कागद दिला. पतीला पाळीत रात्री आठला अर्ध्या तासाची सुट्टी मिळते. त्या सुट्टीत ते दारातल्या गाड्यावर चहा-भजी खात आणि खरे जेवण बारानंतर घरी करत. डॉक्टरांनी मुख्य जेवण आठच्या सुट्टीत घ्यावे असे सुचवले आणि त्यानुसार गोळीची वेळ व मात्रा बदलून दिली. हा बदल डॉक्टरांनीच करायचा असतो; इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेणाऱ्या कोणीही रात्रीचे जेवण स्वतःच्या मनाने पुढे-मागे करू नये, बंद तर मुळीच करू नये.

आता प्रश्न डब्याचा उरला, आणि तो लहान नव्हता. दुपारी तीनला घरातून निघालेला डबा रात्री आठला उघडायचा, आणि पुढे एप्रिल-मे तोंडावर, जेव्हा सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि मागाच्या शेडमध्ये त्याहून अधिक उकडते. भात-आमटी त्यात टिकणार नाही. उत्तर सासूबाईंनी दिले. त्या माझ्याकडे दुसऱ्यांदा आल्या होत्या त्या सुनेची बाजू मांडायला नव्हे, तर मी घरात काय चालवले आहे ते पाहायला, पण डब्याची चर्चा ऐकून म्हणाल्या, "कडक भाकरी द्या की. आमच्या वेळी गिरणीत तीच जायची." कडक भाकरी दिवसचे दिवस टिकते, सुका झुणका किंवा मटकीची उसळ, कांदा आणि चमचाभर शेंगाचटणी तिच्यासोबत पाच तास आरामात निघतात. येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण अनेकांचा या बाबतीत गैरसमज असतो : कडक भाकरी हलकी लागते म्हणून ती कमी उष्मांकांची नसते. तिच्यातले पाणी उडालेले असते, पीठ तेवढेच असते. पापडासारखी कुरकुरीत म्हणून मोडत बसले तर दोनाच्या जागी चार संपतात. म्हणून डब्यात मोजून दोन.

कडक भाकरीचा दुसरा उपयोग मी योजला नव्हता, तो घडला. सकाळीच भाकऱ्या होऊन जात असल्यामुळे दुपारी तव्यापाशी उभे राहण्याचे काम उरले नाही. पती दुपारी तीनपर्यंत घरीच असतात; दोघांना एकत्र बसायला दीड वाजता पूर्ण मोकळीक होती, फक्त ती तव्यामागे अडकली होती. मार्चच्या मध्यापासून दोघे दीड वाजता एकत्र जेवू लागले. ताटात एक भाकरी, भरपूर भाजी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, ताक आणि लहान चमचाभर चटणी.

बाकीची आखणी साधी होती. सकाळी आठच्या आत अर्धी भाकरी आणि उसळ किंवा एक उकडलेले अंडे. सुरुवातीला घास उतरत नसेल तर दोन घासांपासून सुरुवात. चहा दोन, अर्धा चमचा साखरेचे. रात्री आठला मुलांसोबत आणि सासूबाईंसोबत बसून पूर्ण ताट, म्हणजे नेमके पती कारखान्यात डबा उघडतात त्या वेळी. आणि रात्री सव्वाबाराला पती घरी आले की दोघांसाठी पातळ ताक, काकडी किंवा गाजर, पतीची साखर खाली असेल तर त्यांच्यासाठी अर्धी भाकरी. बाईंनी त्यांच्यासमोर बसणे मी बंद केले नाही. मोडायची सवय ताटाची होती, सोबतीची नव्हती. घरात महिन्याला पाच किलो तेल लागत होते, म्हणजे माणशी रोज सुमारे ३३ ग्रॅम; ते साडेतीन किलोंवर आणायचे ठरले आणि यात बोलण्यासारखे फारसे काही नाही, एवढेच की पळीने घातलेले तेल कोणालाही मोजता येत नाही, चमच्याने घातलेले येते. एकूण उद्दिष्ट दिवसाला १,६०० उष्मांकांच्या आसपासचे होते.

सोमवारचा उपवास हा स्वतंत्र गुंता होता. बाई सिद्धेश्वराचे सोमवार धरतात. दिवसभर चहा आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी, आणि उपवास सोडायचा तो पतीसोबत, म्हणजे रात्री सव्वाबाराला, गोडाच्या घासासह. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात तूप आणि दाण्याचा कूट. वहीत सर्वाधिक उष्मांकांचे दिवस दोन्ही सोमवारच होते. उपवास सोडून द्या असे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि गरजही नव्हती, कारण सोमवार दिवेलागणीनंतर सोडण्याची पद्धत घराघरांत आहेच. सासूबाईंनीच ते मान्य केले. उपवास संध्याकाळी सव्वासातला सुटू लागला आणि दुपारी खिचडीऐवजी भगर व काकडी आली.

रात्री उशिरा खाल्ल्याने वजन वाढते का, याचे सरळ उत्तर मला या प्रकरणापुरतेही देता येणार नाही. २०२२ मध्ये बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील संशोधकांनी जादा वजनाच्या १६ जणांना तेच अन्न चार तास उशिरा देऊन पाहिले, तेव्हा भूक वाढली, तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी झाले आणि शरीराचा उष्मांकांचा खर्चही थोडा घटला. संध्याकाळनंतर शरीर साखर हाताळण्यात मंद होते हेही पक्के आहे, आणि साखर सीमेवर असलेल्या बाईंसाठी ते महत्त्वाचे होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील ४२० जणांच्या अभ्यासात दुपारचे मुख्य जेवण तीननंतर घेणाऱ्यांचे वजन २० आठवड्यांत कमी उतरले. मला या प्रकरणात तो अभ्यास वारंवार आठवला, कारण बाईंचे दुपारचे जेवण सव्वातीनचे होते आणि रात्रीच्या भुकेची सुरुवात तिथेच होती.

परंतु चीनमधील ग्वांगझू येथे २०२२ मध्ये झालेल्या प्रयोगात १३९ लठ्ठ व्यक्तींना वर्षभर सारखेच मर्यादित उष्मांक दिले गेले. एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळेत खाल्ले, दुसऱ्याने दिवसभरात. वजन सरासरी ८ आणि ६.३ किलो उतरले आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. सोलापुरात सूर्यास्तापूर्वी जेवणारी जैन घरे पुष्कळ आहेत आणि त्या घरांतलेही वाढत्या वजनाचे लोक माझ्याकडे येतात; संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळेत किती खाल्ले जाते ते पाहिल्यावर त्याचे नवल वाटत नाही. माझे मत असे झाले आहे की घड्याळ निरुपद्रवी नाही, पण मुख्य आरोपीही नाही. उशिरा खाणारा माणूस बहुतेक वेळा दिवसभर कमी खाल्लेला, कमी झोपलेला आणि दमलेला असतो, आणि त्या अवस्थेत ताटात काय व किती पडते हे तो ठरवत नाही, थकवा ठरवतो.

झोपेच्या बाबतीत मला यश थोडेच आले. बाईंची झोप रात्री एक ते साडेपाच, म्हणजे साडेचार तास, आणि पाण्याच्या दिवशी तीन. केवळ दोन रात्री झोप चार तासांवर आणली तरी भूक वाढवणारे संप्रेरक घ्रेलिन वाढते आणि लेप्टिन घटते, हे निरोगी तरुणांवरील २००४ च्या एका छोट्या प्रयोगात दिसले होते. येथे तर सहा वर्षांचा प्रश्न होता. दुपारी तीन ते पावणेचार झोप सुरू केली. पाणी येण्याच्या आदल्या रात्री साडेदहाला झोपायचे आणि पतीच्या समोर मुलीने बसायचे, हे पतीनेच मे महिन्यात सुचवले. उरलेल्या रात्री त्या अजून जाग्या असतात. पाळी बदलून मागा, असे सांगणे सोपे आहे. दुसऱ्या पाळीमुळेच पतीला सकाळी बँकेची, दवाखान्याची, मुलांच्या शाळेची कामे करता येतात.

वजनाचा प्रवास सरळ उतरता नव्हता. मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, १२ आठवड्यांत, ७६.८ वरून ७३ किलो झाले, म्हणजे आठवड्याला साधारण ३०० ग्रॅम. बाईंना हे फार कमी वाटले. शेजारणीने कुठल्या तरी पावडरीवर महिन्यात सहा किलो घटवले होते. मी त्यांना दिवाळीपर्यंत थांबून त्या शेजारणीचे वजन पाहायला सांगितले, जे बोलायला नको होते, पण बोलून गेले. सकाळची भूक पाचव्या आठवड्यात नियमित झाली. छातीतली जळजळ, जिच्याबद्दल त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलेही नव्हते, ती तिसऱ्या आठवड्यातच थांबली. भरल्या पोटी लगेच आडवे होणे बंद झाले की हे बहुधा होतेच.

आषाढ-श्रावणात काटा ७२.६ वर अडकला. आषाढातले तळण, मग श्रावणातले चारही सोमवार, शनिवार आणि शिवामूठ. अडीच महिन्यांत जेमतेम ४०० ग्रॅम उतरले. मी आखणीत काही बदलले नाही, फक्त संध्याकाळी मुलीसोबत अर्धा तास चालणे वाढवले, कारण उन्हाळ्यात ते शक्य नव्हते आणि आता होते. सप्टेंबरमध्ये एचबीए१सी ५.८ आणि रक्तदाब १२६/८० आला. ऑक्टोबरअखेर वजन ७०.९ झाले, दिवाळीच्या फराळाने ते ७१.५ वर नेले. त्या वेळी एक गोष्ट माझ्या लक्षात आली : बाईंनी चकली-शंकरपाळे दिवसा, चारचौघांत, ताटलीत घेऊन खाल्ले होते आणि मुलीने ते मोजून वहीत लिहिले होते. ओट्यापाशी उभ्याने खाल्ल्याची नोंद मार्चच्या मध्यानंतर एकदाही नाही.

डिसेंबरच्या मध्यावर वजन ७०.४ किलो आणि कंबर ९१ सेंटिमीटर होती. पहिल्या भेटीपासून सहा किलो, म्हणजे जवळपास आठ टक्के. बीएमआय अजून २९ च्या वर आहे. पतीचे वजन आम्ही मोजत नव्हतो, पण आठची भजी बंद झाल्यापासून त्यांची पँट ढिली झाल्याचे बाईंनी सांगितले, आणि त्यांची साखर वर्षभरात एकदाही धोकादायक खाली उतरलेली नाही.

शेवटच्या भेटीत त्यांनी एक अडचण मांडली. कारखान्यात पुढच्या वर्षी बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या करण्याचे बोलणे चालू आहे. तसे झाले तर पती सकाळी आठला जातील आणि रात्री आठला येतील, किंवा उलट. सकाळची पाळी मिळाली तर काहीच प्रश्न नाही. रात्रीची मिळाली तर गोळी, डबा आणि दीडचे जेवण सगळेच पुन्हा मांडावे लागेल. डॉक्टरांची वेळ आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली घेतली आहे, आणि पाळीचा निर्णय तोपर्यंत कळला नाही तर दोन्ही वेळापत्रके लिहून सोबत न्यायची आहेत. मुलीची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत असल्यामुळे वही आता सासूबाई ठेवणार आहेत. त्यांना लिहिता येते, पण त्या मोडीसारखे एकसलग लिहितात, तेवढे मला वाचायला शिकावे लागेल.